पाण्याच्या वाटेनं विजापुरात शिरा : जमिनीखालचं शहर कसं बघावं

आमच्या अथणी भागातली माणसं विजापूरला गेली की स्टँडवर उतरतात, रिक्षा करतात आणि थेट गोलघुमट गाठतात. मी शाळेत भूगोल शिकवायची. दोन-तीन वर्षांआड पोरांची सहल घेऊन विजापूरला जायची, आणि कितीतरी वर्षं मीही हेच केलं. मग एका सहलीत तोरवीच्या अलीकडं आमची गाडी पंक्चर झाली. चाक बदलेपर्यंत पोरं कडेला बसून कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खात होती. शेतात खुरपणाऱ्या एका बाईला मी सहज विचारलं, इथं पाण्याची सोय कुठं आहे. तिनं विळ्यानंच दिशा दाखवली, "सुरंग बावी, अल्लैत नोडरी," म्हणजे बोगद्याची विहीर, तिकडं आहे बघा. त्या दिवसापासून मी विजापूर पश्चिमेकडून बघते, आणि तुम्हीही तसंच बघावं म्हणून हे लिहिते आहे.

त्याला कारण आहे. तोरवी शहराच्या पश्चिमेला पाच-सहा किलोमीटरवर आहे, अथणीच्याच रस्त्यावर. आदिलशाहीत विजापूरचं पाणी तिथून जमिनीखालच्या बोगद्यातून शहराकडं यायचं. म्हणजे अथणीची गाडी ज्या दिशेनं गावात शिरते त्याच दिशेनं पाणीही शिरत होतं. रस्ता वर, पाणी खाली. गोलघुमटापासून सुरुवात केली तर हे कधीच उमगत नाही, कारण तुम्ही नळाच्या तोंडापासून उलटं चालायला लागता. उगमापासून निघालं की एकेक जागा आपोआप दुसरीशी जुळत जाते.

जाण्याआधी इतिहासातलं थोडंच डोक्यात ठेवा. १५६५ साली राक्षसतागडीच्या लढाईत विजयनगर पडलं आणि विजापूर फुगलं. सैन्य आलं, कारागीर आले, व्यापारी आले. इथला पाऊस मात्र बेताचाच, जमिनीखाली काळा पाषाण, जवळ बारमाही नदी नाही. अली आदिलशाह पहिला (१५५८ ते १५८०) यानं तट बांधला, पाण्याची कामं काढली, १५७९ मध्ये चांद बावडी खोदवली. पुढं इब्राहीम दुसरा (१५८० ते १६२७) आणि महंमद आदिलशाह (१६२७ ते १६५६) यांनी त्यात भर घातली. एवढं पुरे. बाकी तिथं उभं राहिल्यावर वाचा.

आता तयारी. दिवाळी झाल्यावर ते फेब्रुवारीअखेरपर्यंतचे दिवस धरा. पावसाळ्यात गवत माजतं आणि जमिनीतल्या विहिरींची तोंडं झाकली जातात, पायऱ्या शेवाळतात, साप वर येतात. उन्हाळ्यात दहा वाजल्यानंतर त्या माळावर उभं राहवत नाही. सकाळी साडेसहाला तोरवीत असा. ऊन तिरपं असतं तेव्हा जमिनीतला हातभर खळगाही सावली धरतो. त्याच खळग्यावरून दुपारी तुम्ही तुडवत गेलात तरी कळणार नाही.

बरोबर घ्यायचं ते असं: खांद्याइतक्या उंचीची जाड काठी, दोन टॉर्च (एक डोक्याला बांधायची), वीस मीटर सुतळी, ओळंबा, वही, बॉलपेन आणि प्रत्येकी दोन लिटर पाणी. फोनवर नकाशा आधीच उतरवून घ्या. सुतळीला दर हाताला एक गाठ मारा. एक हात म्हणजे दीड फूट. ओळंबा नसेल तर जुना नटबोल्ट चालतो. अत्तर, सेंट, उदबत्तीचा वास अंगाला नको. विजापुरातल्या उंच कमानींना आग्या मोहोळं लटकलेली असतात आणि वासानं, धुरानं ती उठतात.

माझे वडील विहिरी बांधायचे. खोदणारे वेगळे, पाणाड्या वेगळा. वडिलांचं काम कडं बांधायचं, थारोळं घडवायचं, मोटेची धाव रचायची. ते विहिरीपाशी गेले की आधी वाकून बघायचे नाहीत. लांबून फेरी मारायचे. झाडं कुठली आहेत, मुरूम कुठं उघडा पडलाय, मातीचा रंग कुठं बदलतो, हे बघून मग काठाशी यायचे. जमिनीखालचं बघायची ही खरी रीत आहे. तोरवीलाही तशीच सुरुवात करा. आधी गावात कुणाला तरी विचारा, "सुरंग बावी एल्लैत्री?" म्हणजे सुरंग बावडी कुठं आहे. कन्नड तोडकंमोडकं असलं तरी चालतं, विचारणं महत्त्वाचं. ती शेतं लोकांची आहेत. हरभऱ्याच्या वाफ्यातून न विचारता चालत गेलात तर तुमच्यामागून येणाऱ्याला कुणी दाखवणार नाही.

सुरंग बावडीची रचना इराणकडून आलेल्या करेझ पद्धतीची आहे. आपल्याच सीमाभागात बिदरला नौबादची करेझ याच जातीची, बहामनी काळातली. कल्पना अशी की उंचावरच्या जमिनीत, जिथं झिरप आहे तिथं, एक खोल विहीर घ्यायची. मग उतारावरच्या सखल जागेपासून तिच्याकडं बोगदा खणत जायचं. खणणारे नेहमी तोंडाकडून वर सरकतात, म्हणजे लागलेलं पाणी त्यांच्या मागं वाहून जातं आणि माणसं बुडत नाहीत. अधूनमधून वरून उभ्या विहिरी पाडायच्या. त्यांतून माती-दगड वर काढायचा, हवा खाली सोडायची, आणि ओळंबा टाकून बोगदा सरळ चाललाय की नाही ते बघायचं. पाण्याला ढकलायला बैल नको की माणूस नको. उन्हात उघडं नसल्यानं ते आटतही नाही.

तुम्हाला हुडकायच्या आहेत त्या या उभ्या विहिरी. एक सापडली की तिच्यापाशी थांबू नका. दुसरी हुडका. दोन सापडल्या की त्यांच्यामधली रेघ मनात ओढा आणि दोन्ही टोकांना लांबवा. तिसरी त्या रेघेच्या आसपास असते. बुजली असेल तर गोल खळगा दिसेल, नाहीतर भोवती मुरमाचा उंचवटा दिसेल. तो उंचवटा म्हणजे चारशे वर्षांपूर्वी खालून वर काढलेली माती. वडील म्हणायचे, विहीर बुजवता येते, तिच्यातनं निघालेला मुरूम लपवता येत नाही.

आता काठी का, ते सांगते. सहलीतला सातवीतला एक मुलगा चेंडू आणायला गवतात धावला. गवत सगळीकडं सारखंच होतं. तो थांबला तेव्हा त्याच्या चपलेचं टोक हवेत होतं. मी मागून त्याच्या सदऱ्याची कॉलर धरली, आणि तोंडाशी सुटलेले खडे खाली पडल्याचा आवाज बऱ्याच वेळानं आला. मी तेव्हा ओरडलेसुद्धा नाही, नुसती त्याला धरून बसले. तेव्हापासून नियम केला: पुढचं पाऊल आधी काठीचं, मग आपलं. तोंड दिसलं की तीन पावलं अलीकडंच थांबायचं. पुढं जायचं तर पालथं झोपून, मागं एकानं पाय धरून. कठड्यावर बसायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही.

खोली मोजायला दगड टाकू नका. खाली बांधकाम आहे, कधी वटवाघळं आहेत. सुतळी सोडा. ओळंबा टेकला की सुतळी सैल होते ते हाताला कळतं. गाठी मोजा, किती हात ओलं झालं ते मोजा, वहीत लिहा. असं तीन-चार विहिरींवर करा आणि मग आकड्यांकडं बघा. जमीन उतरत जाते पण बोगदा जवळजवळ सपाट असतो, त्याचा उतार अगदी नाममात्र. म्हणून पाणी ज्या दिशेला वाहतं त्या दिशेला विहिरी उथळ होत जातात. पहिली बावीस हात, पुढची वीस, त्यापुढची सतरा आली, तर पाणी कुठं चाललंय ते तुम्हाला कुठल्या पाटीशिवाय कळलं. मी आठवीच्या मुलींकडून हे करून घेतलं होतं. समोच्चरेषा म्हणजे काय ते फळ्यावर शिकवून जे जमलं नव्हतं ते एका सुतळीनं जमलं.

खाली उतरायचं का? उतरू नका. हे मी भीती घालायला लिहीत नाही. बंद विहिरीत कुजलेल्या पाल्याचा वायू साठतो, तो हवेपेक्षा जड असतो आणि तळाशी बसून राहतो. वडील विहिरीत माणूस सोडण्याआधी दोरीनं कंदील सोडायचे. कंदील विझला की त्या दिवशी काम बंद. पण कंदिलाला सगळं कळत नाही. गटाराच्या वायूचा वास पहिल्यांदा येतो आणि मग नाकच बधिर होतं. एक माणूस खाली कोसळतो, दुसरा त्याला वाचवायला उतरतो, आणि दोघंही जातात. प्राणवायू मोजणारं यंत्र, दोर, वर सराव असलेली माणसं आणि पुरातत्त्व खात्याची परवानगी हे सगळं असेल तर ते काम जाणकारांचं. आपण जिथं बांधलेल्या पायऱ्या उतरतात तिथंच उतरायचं. विजापुरात तेवढंही पुष्कळ आहे.

तोरवी सोडण्याआधी नवरसपूरचे अवशेष बघून घ्या. इब्राहीम दुसऱ्यानं १५९९ मध्ये तिथं नवं शहर वसवायला घेतलं होतं. संगीत महाल अजून उभा आहे. १६२४ मध्ये मलिक अंबरच्या फौजेनं ते शहर लुटलं. मला तिथं दर वेळी वाटतं की ज्या माणसानं औरंगाबादेत असलाच जमिनीखालचा नहर बांधून शहर जगवलं, त्याच्याच फौजेनं हे शहर ओसाड करावं. लोकांना मी हे आवर्जून सांगते.

तिथून शहराकडं या आणि पश्चिमेच्या मक्का दरवाज्याजवळ ताज बावडी गाठा. हिच्यासाठी दोन तास ठेवा. १६२० च्या सुमाराला मलिक संदलनं ती ताज सुलताना, इब्राहीम दुसऱ्याची बेगम, हिच्या नावानं बांधली. इब्राहीम रोजा, म्हणजे इब्राहीमची कबर, बांधणाराही तोच. दर्शनी कमान सुमारे ३५ फूट रुंद, दोन्ही बाजूंना अष्टकोनी बुरूज. रस्त्यावरून ती नुसती कमान वाटते. तिच्याखालून पायऱ्यांनी उतरायला लागा, आणि दहा-बारा पायऱ्यांवरच कान बदलतो. रिक्षांचा आवाज वर राहतो. हवा अंगाला गार लागते. मग चौकोनी पाणी समोर उघडतं, तलावाएवढं, चारी बाजूंनी दगडी भिंती, भिंतीलगत ओवऱ्या. प्रवासी इथंच मुक्कामाला राहायचे.

इथं बसून तीन गोष्टी बघा. पहिली, भिंतीवरच्या पाण्याच्या खुणा. दगडावर आडव्या पांढरट-काळ्या रेघा असतात, पाणी कधीकाळी कुठवर होतं त्याच्या. दुसरी, वरच्या कडेला पाणी ओढायच्या जागा, आणि दोर घासून दगडाला पडलेले चर हुडका. आमच्या माहेरच्या विहिरीच्या कड्यालाही तसे चर होते, बोट आत बसायचं. तिसरी, ओवऱ्यांच्या कोपऱ्यांतला अंधार. टॉर्च मारायची तर जमिनीकडं मारा, छताकडं नको. वटवाघळं लटकलेली असतात. दिवसा त्यांना उठवलं तर पिल्लं खाली पडतात. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या बारापेडे गुहेत रॉटनचं वटवाघूळ म्हणून एक जात आहे. विज्ञानाला तिची पहिली ओळख त्याच गुहेतून झाली. तेव्हा अंधारातल्या जिवांचा मान आपल्या जिल्ह्याला तरी शिकवायला नको. जिथं त्यांच्या शिटाचा थर आहे तिथं धूळ उडवू नका, नाकातोंडाला रुमाल बांधा. फुप्फुसाचा आजार होतो त्यानं. पाण्याशी मात्र जाऊ नका. खालच्या पायऱ्या बुळबुळीत असतात आणि शेवटची पायरी कुठं संपते ते गढूळ पाण्यात दिसत नाही. मागं या बावडीत इतका कचरा साठला होता की मला मुलांना दाखवायची लाज वाटायची. गाळ काढल्यावर पाणी परत दिसलं. २०२० साली वर्ल्ड मॉन्युमेंट्स वॉच या धोक्यातल्या वारसास्थळांच्या जागतिक यादीत दख्खनच्या जुन्या पाणीव्यवस्थेत सुरंग बावडीचं नाव आलं, तेव्हा मला आमच्या घरचं कुणी पहिलं आल्यासारखं वाटलं.

दुपारी उपळी बुरूज चढा. हैदरखानानं १५८४ च्या सुमारास बांधलेला, ८० फूट उंच, बाहेरून वळत जाणारा दगडी जिना. वर गेलात की तोफांबरोबर फोटो काढा, पण मग पश्चिमेकडं तोंड करून पाच मिनिटं शांत उभे राहा. सकाळी चाललेली सगळी वाट इथून नजरेत धरायची. भूगोल शिकायला मला यापेक्षा चांगली जागा माहीत नाही.

आता गोलघुमट. घुमटाखालच्या चौथऱ्यावर लाकडी छत्रीखाली महंमद आदिलशाह, त्याच्या दोन बेगमा, त्याची नर्तकी रंभा, मुलगी आणि नातू यांच्या कबरी दिसतात. लोक तिथं हात जोडून गॅलरीकडं पळतात, आवाज सात वेळा घुमवायला. दिसतात त्या कबरी वरवरच्या खुणा आहेत. खरी दफनं त्यांच्या बरोबर खाली, तळघरात आहेत, आणि तिथं उतरायची वाट पश्चिमेच्या दाराखालून आहे. आत सोडतात की नाही ते चौकीदाराला नीट विचारा. सोडलं तर चपला बाहेर, आवाज बंद. नाही सोडलं तर हुज्जत घालू नका. वर चौथऱ्यापाशी उभं राहून, आपण एका खोलीच्या छतावर उभे आहोत एवढं मनात आणलं तरी ती इमारत वेगळी दिसायला लागते.

दुसरा दिवस बेगम तलावाचा. हा तलाव शहराच्या दक्षिणेला. महंमद आदिलशाहानं १६५१ मध्ये जहान बेगमच्या आठवणीसाठी बांधला, २३४ एकरांचा. करेझमध्ये पाणी बोगद्यातून मोकळं वाहतं. इथं मात्र ते खापरी नळांतून दाबाखाली नेलं. तलावाच्या उजव्या अंगाला जमिनीखाली एक खोली आहे, तिथून नळ निघत. जोडलेले, भोवती चुन्याचं बांधकाम, १५ ते ५० फूट खोल पुरलेले. दाब वाढून खापर फुटू नये म्हणून वाटेवर २५ ते ४० फूट उंचीचे मनोरे बांधले. त्यांना गंज म्हणतात. पाणी मनोऱ्यात वर चढायचं, दाब सुटायचा, गाळ तळाला बसायचा, आणि नितळ पाणी पुढं जायचं.

हे कळायला गवंड्याची लेव्हलची नळी आठवा. पारदर्शक नळीत पाणी भरतात, एक टोक या भिंतीला, दुसरं त्या भिंतीला. मधली नळी जमिनीवर लोळत का असेना, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीला थांबतं. वडिलांची नळी धरून मी लहानपणी उन्हात तासन् तास उभी राहिलेय. गंज म्हणजे त्याच नळीचं उभं टोक. तलावाकडून शहराकडं येताना एक गंज दिसला की पुढचा हुडका, तोरवीच्या विहिरींसारखाच. काही घरांच्या मागं अडकलेत, काहींवर पिंपळ वाढलाय. पडझड झालेल्या गंजाच्या भिंतीत उभी खाच किंवा नळाचा तुकडा दिसतो का बघा. चढू नका, दगड सैल असतात. दोन गंजांच्या मधल्या जमिनीखाली नळ आहे असं समजून चाला. तिथं कुणाच्या घराचा पाया, कुणाची टपरी, कुणाचं बोअर असेल. बोअर पाडणाऱ्याला खाली काय आहे ते कुणी सांगितलेलं नसतं.

तो नळ मी एकदा जवळून पाहिला. शहरात एका गल्लीत केबलसाठी चर खणला होता आणि यंत्राच्या दातानं एक खापरी नळ मधोमध कापला होता. चर खणणाऱ्या मुकादमाला मी थांबायला सांगितलं. तो म्हणाला, बाई, संध्याकाळपर्यंत बुजवायचंय. मी चराच्या कडेला गुडघ्यावर बसले. नळ विटकरी रंगाचा, एका टोकाला निमुळता, दुसऱ्या टोकाला रुंद, म्हणजे एकात एक बसेल असा. भोवती वीतभर चुना, त्यात विटांचे बारीक तुकडे. आतल्या अंगाला क्षाराचा पांढरा थर, नखानं खरवडला तर निघेना. इतकी वर्षं पाणी वाहिलं त्याचा तो थर. माझ्याकडं मोजपट्टी नव्हती म्हणून बॉलपेन शेजारी ठेवून फोटो काढला, जवळच्या विजेच्या खांबाचा नंबर लिहिला, तारीख टाकली. दुसऱ्या दिवशी तिथं डांबर होतं.

म्हणून वही सांगितली. सापडलेल्या प्रत्येक विहिरीला, गंजाला, नळाला अर्धं पान द्या: जागा, जवळची न हलणारी खूण, खोली किंवा उंची, एक फोटो ज्यात माप कळेल अशी वस्तू आहे. तुकडा उचलून घरी आणू नका; तुकडा जागेवरून हलला की तो कुठल्या रेघेचा ते कायमचं पुसलं जातं. परतताना वहीच्या दोन प्रती काढा. एक पुरातत्त्व खात्याच्या विजापूरच्या कार्यालयात नेऊन द्या. दुसरी ज्यांच्या शेतात विवर आहे त्या घरी द्या, म्हणजे नांगरताना त्यांना तोंड कुठं आहे ते माहीत असेल.